११ बाय १६ च्या हॉलसाठी एव्ही रिसीव्हर: वॉट बाजूला ठेवा, बेस कोण सांभाळतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातला फ्लॅट, ११ बाय १६ फुटांचा हॉल, ५५ इंची टीव्ही, बघणं बहुतेक ओटीटीवर, सोबत प्लेस्टेशन ५. यामाहा आरएक्स-व्ही३८५, यामाहा आरएक्स-व्ही६ए, डेनॉन एव्हीआर-एक्स२८००एच आणि ऑन्क्यो टीएक्स-एनआर६१०० यांपैकी कोणता एव्ही रिसीव्हर (टीव्ही-प्लेस्टेशनचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारं यंत्र) घ्यावा? आणि डेनॉन एक्स३८००एचसाठी जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ आहे का?

आधी उत्तर सांगतो. छतात दोन स्पीकर बसवून ५.१.२ (भोवती पाच स्पीकर, बेससाठी एक सबवूफर, छतात दोन) करायचं नक्की असेल, तर या यादीतून एक्स२८००एच घ्या. छताला हात लावणार नसाल आणि साधं ५.१च हवं असेल, तर व्ही३८५ पुरतो. वाचलेले पैसे सबवूफर आणि सेंटर स्पीकरमध्ये घाला. एक्स३८००एच तेव्हाच, जेव्हा हॉलमध्ये दोन सबवूफरना खरोखर जागा आहे आणि घरातल्यांची त्याला तयारी आहे.

दुकानात सगळ्यात आधी वॉट दाखवले जातात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. एक्स२८००एचच्या माहितीत ९५ वॉट आणि १५० वॉट असे दोन आकडे सापडतात. यंत्र एकच आहे. ९५ हा आकडा ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात, ०.०८ टक्के विकृतीला, दोन चॅनल चालू ठेवून मोजलेला आहे. १५० हा ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्झला, १ टक्का विकृतीला आणि एकच चॅनल चालवून. दोन कंपन्यांची तुलना करताना दोघांचे आकडे पहिल्या पद्धतीचे आहेत ना, ते तपासा. त्या पद्धतीने व्ही३८५ ७० वॉटचा, एक्स२८००एच ९५ चा, व्ही६ए आणि एनआर६१०० प्रत्येकी १०० चे आणि एक्स३८००एच १०५ चा.

आता हेच डेसिबलमध्ये मांडा. ७० आणि १०५ वॉटमधला फरक पावणेदोन डेसिबल. ९५ आणि १०० मधला पाव डेसिबलपेक्षाही कमी, तो कानाला कळतच नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. बुकशेल्फ स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल धरली, तर तीन मीटरवरच्या सोफ्यावर १ वॉटला साधारण ८० डेसिबल पोचतात, १० वॉटला ९० आणि १०० वॉटला १००. फ्लॅटमध्ये रात्री नऊनंतर कोणी ९० च्या वर जात नाही, आणि गेलं तर शेजारी बेल वाजवतात. त्यामुळे या खोलीत कुठल्याही मॉडेलला ताकद कमी पडणार नाही. अपवाद दोनच: ४ ओहमचे अवघड स्पीकर, किंवा ८४-८५ डेसिबलचे छोटे, जड हलणारे स्पीकर. पाचही चॅनल एकदम पूर्ण जोरात चालवले तर सगळ्यांचेच वॉट बरेच खाली येतात, कारण आत ट्रान्सफॉर्मर एकच असतो. पण सिनेमात तशी वेळ क्वचित येते, आणि ८० हर्ट्झखालचं जड काम सबवूफर स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरवर उचलतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत खोक्यावर पीएमपीओचे हजारो वॉट छापलेले दिसतील. त्या आकड्यामागे मोजमापाची कुठलीही ठरलेली पद्धत नाही, तो वाचूच नका.

रिसीव्हरमधला फरक खरा ऐकू येतो तो ३०० हर्ट्झच्या खाली, आणि त्याचं कारण तुमचा हॉल आहे. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर लांबीच्या दिशेने पहिला अनुनाद ३५ हर्ट्झला येतो. ११ फुटांच्या रुंदीत तो ५१ हर्ट्झला आणि साडेनऊ फूट उंचीत ५९ हर्ट्झला. आरसीसीचा स्लॅब, विटांच्या भिंती आणि खाली फरशी, यातलं काहीच बेस शोषत नाही. म्हणून या तीन वारंवारतांना बेस फुगतो, आणि हॉलमधल्या काही जागी पूर्ण गायब होतो. मागच्या भिंतीला टेकवलेल्या सोफ्यावर बसलात तर लांबीतला फुगवटा पूर्ण जोरात कानावर येतो, संवादांवर घोंघाट चढतो. हॉलच्या लांबीच्या बरोब्बर मध्यावर बसलात तर ३५ हर्ट्झ ऐकूच येत नाही. हा १०-१५ डेसिबलचा खेळ आहे. त्याच्यापुढे दोन अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक कुठेच लागत नाही.

म्हणून तुलना करायची ती रूम करेक्शनची, म्हणजे माइकने खोली मोजून आवाज दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरची. एक्स२८००एचमध्ये ऑडिसी मल्टीईक्यू एक्सटी आहे. आठ जागी माइक ठेवून ते मोजतं आणि सबवूफरलाही बारीक दुरुस्ती लावतं. एक्स३८००एचमध्ये एक्सटी३२ आहे, त्याचे फिल्टर सगळ्याच चॅनलना बरेच जास्त बारीक. व्ही३८५ आणि व्ही६एमध्ये यामाहाचं वायपीएओ आहे. ते अंतर आणि पातळी नीट बसवतं, संवादाच्या पट्ट्यातलं कामही चांगलं करतं; पण या वर्गातल्या मॉडेलमध्ये सबवूफरच्या पट्ट्यावर त्याची पकड सैल आहे. ऑन्क्योचं अ‍ॅक्यूईक्यू या सगळ्यांत मला सर्वात कमकुवत वाटतं. एनआर६१०० ची बाकी बांधणी चांगली आहे, टीएचएक्सचं प्रमाणपत्रही आहे. तरी बेस सुधारण्यासाठी मी तो सुचवणार नाही. ऑन्क्योच घ्यायचा असेल तर एक पायरी वर टीएक्स-एनआर७१०० बघा. त्यात डिरॅक लाइव्ह मिळतं, आणि ते या यादीतल्या कुठल्याही रूम करेक्शनच्या तोडीचं किंवा वरचं आहे.

ऑडिसीची एक खोड माहीत असू द्या. २ किलोहर्ट्झच्या आसपास ते मुद्दाम एक खळगा पाडतं. काही स्पीकरवर त्यामुळे संवाद मागे गेल्यासारखे वाटतात. डेनॉनसाठीचं मल्टीईक्यू एडिटर अ‍ॅप वेगळं विकत घ्यावं लागतं, पण ते घ्याच. त्यात हा खळगा बंद करता येतो, आणि दुरुस्ती कुठल्या वारंवारतेपर्यंत लावायची तेही ठरवता येतं. ती मर्यादा ३०० ते ५०० हर्ट्झवर ठेवा. त्याच्या वर चांगल्या स्पीकरचा आवाज चांगलाच असतो, त्याला छेडू नये. कॅलिब्रेशन फोनवरच्या त्याच अ‍ॅपमधून करावं लागतं. रिसीव्हरच्या मेनूतून आधी केलेलं मोजमाप अ‍ॅपमध्ये ओढता येत नाही.

कुठलंही सॉफ्टवेअर फुगवटा दाबू शकतं, खड्डा भरू शकत नाही. जिथे थेट लाट आणि परतलेली लाट एकमेकींना मारतात, तिथे ६ डेसिबल वाढवले तरी दोन्ही सारख्याच वाढतात आणि खड्डा तसाच राहतो. सबवूफरची मात्र चौपट ताकद खर्च होते. त्याला उपाय जागा बदलण्याचा. सबवूफर सोफ्यावर बसण्याच्या जागी ठेवा, बेस सलग चालू असलेलं काहीतरी लावा, आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यावर फिरत ऐका. जिथे प्रत्येक सूर सारखा येतो ती सबवूफरची जागा. टीव्ही युनिटच्या शेजारचा कोपरा दिसायला बरा, पण तो तीनही अनुनादांना एकदम पेटवतो.

एक्स३८००एचचा मुद्दा इथेच येतो. एक्स२८००एचच्या मागे सबवूफरच्या दोन पिना आहेत, पण त्यांतून सिग्नल एकच जातो. एक्स३८००एचला चार स्वतंत्र आउटपुट आहेत, प्रत्येकाचं अंतर आणि पातळी वेगळी बसते. समोरच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवला तर लांबीतला ३५ हर्ट्झचा अनुनाद बराचसा मोडतो आणि सोफ्यावरच्या तिन्ही जागांना जवळपास सारखा बेस मिळतो. शिवाय पैसे भरून डिरॅक लाइव्ह चढवता येतं, ११ चॅनलपर्यंत प्रक्रिया होते, आणि सगळ्या चॅनलचे प्री-आउट (अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या पिना) असल्यामुळे पुढे वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जोडता येतो. एकच सबवूफर आणि पाच स्पीकर लावणार असाल, तर यातलं निम्मं वापरातच येणार नाही. त्यापेक्षा ८ इंचीऐवजी १२ इंची सबवूफर घ्या.

छताच्या स्पीकरबद्दल. व्ही३८५ डॉल्बी ट्रू-एचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ उलगडतो, अ‍ॅटमॉस (छतातूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) नाही. बाकी चारही अ‍ॅटमॉस उलगडतात. या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीजवळ असेल तर ७.१ करू नका. मागच्या दोन स्पीकरना अंतरच मिळत नाही. तेच दोन चॅनल छताला द्या. स्पीकर बसणाऱ्याच्या डोक्यावर किंवा जरासे पुढे यावेत, आणि दोघांमधलं अंतर समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरइतकं असावं. बाजूचे सराउंड कानाच्या रेषेत किंवा थोडे मागे, ९० ते ११० अंशांत. छताकडे आवाज उडवणारे स्पीकर घेताना वर बघा: त्यांना सपाट, कडक छत लागतं. पीओपीची पायऱ्यापायऱ्यांची फॉल्स सीलिंग, मधला बीम आणि फिरता पंखा असेल तर परतावा विखुरतो आणि पैसे वाया जातात. फॉल्स सीलिंगचं काम अजून व्हायचं असेल तर आत्ताच वायर टाकून ठेवा, स्पीकर वर्षाने आणलेत तरी चालेल.

एचडीएमआयच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. टीव्हीला ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरकडे पाठवणारी सोय) असेल तर प्लेस्टेशन थेट टीव्हीला लावा आणि आवाज ई-आर्कने रिसीव्हरकडे आणा. मग रिसीव्हर ४के १२० हर्ट्झ पास करतो की नाही, याने काही फरक पडत नाही. साध्या आर्कमधूनही ओटीटीचा अ‍ॅटमॉस येतो, कारण तो डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधलेला असतो. ट्रू-एचडी आणि अनेक चॅनलचा पीसीएम मात्र ई-आर्कशिवाय येत नाही. एक खाच डीटीएसची: सॅमसंगचे २०१८ नंतरचे टीव्ही डीटीएस पुढे पाठवत नाहीत, आणि एलजीनेही २०२० ते २०२२ च्या मॉडेलमध्ये ते काढलं होतं. ब्लू-रे किंवा मीडिया प्लेअर असेल तर तो थेट रिसीव्हरलाच जोडा. एक्स२८००एचच्या सहा इनपुटपैकी तीन ८केचे आहेत, एक्स३८००एचचे सहाही.

जुना रिसीव्हर घेत असाल तर २०२० ची मॉडेल नीट तपासा. त्या वर्षीच्या डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या काही मॉडेलमधल्या एचडीएमआय चिपमुळे एक्सबॉक्स सिरीज एक्सवरून ४के १२० हर्ट्झ दिलं की पडदा काळा व्हायचा. डेनॉन-मरांट्झने वेगळा अडॅप्टर दिला, यामाहाने बोर्ड बदलून दिले. व्ही६ए या दोषाच्या यादीतच येतो. विकणाऱ्याला बोर्ड बदलला आहे का ते विचारा, आणि शक्य असेल तर समोर चालवून बघा.

केबल अल्ट्रा हाय स्पीडचा प्रमाणपत्राचा लेबल असलेली, तीन मीटरच्या आत. त्याहून लांब लागली तर ऑप्टिकल एचडीएमआय. तिला दिशा असते आणि ई-आर्क चालतो की नाही ते खोक्यावर वाचावं लागतं. भिंतीतून नेणार असाल तर एक इंची पाइपात एचडीएमआयचं डोकं वळणावर अडकतं, दीड इंची टाका आणि आत ओढदोरी सोडा. स्पीकरसाठी १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, पुढे २.५. ‘ऑक्सिजन फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त वायरीत बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. टोक चाकूने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

कॅलिब्रेशनच्या दिवशी पंखा, एसी आणि शक्य असेल तर फ्रीजही बंद. माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीवर. सोफ्याच्या पाठीवर टेकवलेला माइक चुकीचं वाचतो. पहिली जागा मुख्य बैठकीची, बाकीच्या तिच्याभोवती दोन फुटांच्या आत. मागच्या भिंतीपासून निदान दीड फूट सोडा. सबवूफरचा स्वतःचा क्रॉसओव्हर (तो कुठल्या वारंवारतेपर्यंत वाजेल ती मर्यादा) पूर्ण वर किंवा एलएफईवर (सिनेमातला बेसचा वेगळा चॅनल), फेज शून्यावर, ऑटो स्टँडबाय बंद. गेन अर्ध्यावर ठेवून सुरू करा. शेवटी रिसीव्हरने सबवूफरची पातळी −१२ दाखवली, तर ती त्याची मर्यादा आहे. गेन खाली करून पुन्हा मोजा. −३ ते −९ मध्ये आली की ठीक.

मोजमाप झाल्यावर दोन गोष्टी हाताने बदलायच्या आणि एक बदलायची नाही. रिसीव्हरने समोरच्या स्पीकरना ‘लार्ज’ किंवा ४० हर्ट्झ दिलं असेल तर ते ‘स्मॉल’ आणि ८० हर्ट्झ करा. लहान बुकशेल्फना ९० किंवा १०० चालेल. एलएफईचा लो-पास १२० वर ठेवा. सबवूफरचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवेल, त्याला हात लावू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला उशीर होतो, तो रिसीव्हरने अंतरात मिळवलेला असतो. कमी आवाजात बघायचं असेल तर ऑडिसीचं डायनॅमिक ईक्यू (कमी आवाजात बेस भरून देणारी सोय) चालू करा. ओटीटीवर बेस जड वाटला तर त्याचा रेफरन्स लेव्हल ऑफसेट ५ किंवा १० डेसिबलवर न्या.

संवाद तरीही घुमत असतील तर रिसीव्हरला दोष देऊ नका. उघडी फरशी, उघड्या भिंती आणि काचेचं सरकतं दार यांचा प्रतिध्वनी कुठलंही सॉफ्टवेअर काढत नाही. सोफा आणि टीव्हीच्या मधे जाड गालिचा, काचेवर भिंतभर जाड पडदा; एवढ्याने संवाद लगेच सुटे होतात.

या यंत्रांचं आयुष्य उष्णतेने कमी होतं. आतल्या कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. काच लावलेल्या बंद टीव्ही युनिटमध्ये रिसीव्हर ठेवू नका. वर निदान चार-पाच इंच मोकळी जागा, पाठीमागची फळी कापलेली, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात वर १२० मिलिमीटरचा हळू फिरणारा पंखा हवा बाहेर ओढणारा. रिसीव्हरवर सेटटॉप बॉक्स ठेवण्याची सवय सर्रास दिसते, ती मोडा. डेनॉनचा दिवा साधारण दोन सेकंदांच्या अंतराने लाल लुकलुकत असेल तर आत उष्णता वाढली आहे. अर्ध्या सेकंदाने भराभर लुकलुकत असेल तर स्पीकरच्या वायरीचा एखादा धागा शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला लागला आहे. बनाना प्लग लावले की हा प्रकार संपतो.

स्पीकरमधून सतत हमिंग येत असेल तर आधी केबल टीव्हीची किंवा डिशची कोअ‍ॅक्सियल वायर काढून बघा. हमिंग थांबलं तर ग्राउंड लूप आहे. तिथे आयसोलेटर लावा. अर्थिंगची पिन तोडणं हा उपाय नाही, धोका आहे. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालवू नका, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. प्युअर साइन वेव्ह चालतो. पावसाळ्यात कोकण-गोव्यात विजा सुरू झाल्या की मुख्य प्लगसोबत डिशची वायर आणि लॅन केबलही काढा. नुसता स्विच बंद केला तरी वीज या दुसऱ्या वाटांनी एचडीएमआय बोर्डापर्यंत पोचते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवायचा विचार असेल तर मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज आधी विचारा. तिथली मॉडेल १२० व्होल्टची असतात. आपल्या २३० वर लावली की त्याच क्षणी जातात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतात, पण तो निदान ७५० व्हीएचा हवा आणि स्वतः गुणगुणणारा नको, शिवाय वॉरंटी इथे मिळत नाही. इथलाच जुना घेताना प्रत्येक एचडीएमआय इनपुट, प्रत्येक स्पीकर चॅनल आणि सबवूफरची पिन एकेक करून चालवून बघा, व्हॉल्यूम हळूहळू फिरवताना खरखर येते का ऐका, अर्धा तास चालू ठेवून वरून हात लावून बघा, आणि कॅलिब्रेशनचा मूळ माइक सोबत मागून घ्या. दुसऱ्या कंपनीचा माइक त्या यंत्रासाठी जुळवलेला नसतो.